पायथॉनमधून ऑब्जेक्टच्या साहाय्याने पान तयार केले. स्रोतात सर्व नोंदी आहेत, पण ब्राउझरमध्ये पान कोरे दिसते

प्रश्न — देवघेव_खिडकी

आमच्या तालुक्याच्या गावी 'ब' वर्गाचे एक सार्वजनिक ग्रंथालय आहे. त्याच्या ग्रंथसूचीची वेबपाने तयार करणारा छोटा पायथॉन प्रोग्रॅम मी गेली काही वर्षे फावल्या वेळात सांभाळतो. (या धाग्यात 'लायब्ररी' म्हणजे प्रोग्रॅमिंगची, आणि पुस्तकांची ती 'ग्रंथालय', एवढे आधीच ठरवून टाकतो, नाहीतर पुढे गोंधळ होईल.) दाखल नोंदवहीतील मजकूर स्प्रेडशीटमध्ये टंकला जातो, रात्री प्रोग्रॅम तो वाचतो, प्रत्येक वर्गांकाचे एक पान तयार करतो आणि तयार पाने सर्व्हरवर चढवतो. सर्व्हरवर डेटाबेस नाही.

आजवर हे काम मी स्ट्रिंगला स्ट्रिंग जोडून करत होतो. टॅगची नावे येथे देवनागरीत लिहिली आहेत. मुख्य ओळ साधारण अशी होती:

    पान = पान + '<टीडी टायटल="' + नाव + '">' + नाव + '</टीडी>'

पुस्तकाचे नाव लांब असले की रकान्यात ते कापले जाते, म्हणून पूर्ण नाव टायटलमध्येही घातले होते, म्हणजे माऊस नेल्यावर ते दिसावे. दोन-तीन वर्षे काहीही बिघडले नाही. मग एक पुस्तक आले ज्याच्या नावातच दुहेरी अवतरणचिन्हे होती, आणि त्याचे टायटल अर्ध्यावर तुटले. त्यानंतर 'शेरा' रकान्यात कोणीतरी देणगीदाराचा ईमेल पत्ता < आणि > या चिन्हांमध्ये टंकला. पानावर तो रकाना रिकामाच दिसू लागला.

तेव्हा स्ट्रिंग जोडणे सोडून द्यावे असे ठरवले. पायथॉनसोबतच येणारी एलिमेंटट्री ही लायब्ररी वापरून प्रत्येक टॅगचा ऑब्जेक्ट तयार केला, ऑब्जेक्टमध्ये ऑब्जेक्ट घातले आणि शेवटी टोस्ट्रिंग या फंक्शनने सगळ्या झाडाचा मजकूर करून फाइलमध्ये लिहिला. अवतरणचिन्हांचा आणि ईमेलचा प्रश्न सुटला, पण त्याऐवजी तीन नवीन प्रश्न उभे राहिले.

पहिला: पान पूर्ण कोरे दिसते. 'स्रोत पाहा' केले तर सर्व नोंदी जागच्या जागी आहेत. दुसरा: स्रोतात देवनागरी अक्षरेच नाहीत, सगळीकडे &#2325; यासारखे आकडे आहेत, आणि ४१० किलोबाइटचे पान ८१० किलोबाइटचे झाले. तिसरा प्रश्न असा की, शीर्षभागातील स्क्रिप्टची ओळ काढून टाकली तर पान दिसते खरे, पण तक्त्यातील अक्षरे बाहेरच्या अक्षरांपेक्षा लहान येतात. स्टाइलशीटला मी हातही लावलेला नाही.

हे तीन वेगवेगळे दोष आहेत की एकच? आणि एकूणच ऑब्जेक्टवर आधारित लायब्ररीतून मार्कअप (पानाचा टॅगांसह मजकूर) काढण्याचा हा मार्ग बरोबर आहे, की टेम्पलेटकडे (म्हणजे मोकळ्या जागा सोडलेल्या तयार पानाच्या साच्याकडे) वळावे?

---

उत्तर — कंसबंद

दोष तीन नाहीत, एकच आहे. एलिमेंटट्री ही मुळात एक्सएमएलसाठी, म्हणजे टॅगांनी डेटा मांडण्याच्या एका पद्धतीसाठी, लिहिलेली लायब्ररी आहे आणि आपण तिला काही सांगितले नाही, तर ती आपल्या झाडाचा मजकूर एक्सएमएलच्याच नियमांनी करते. ब्राउझर मात्र तो मजकूर एचटीएमएलच्या, म्हणजे वेबपानांच्या भाषेच्या, नियमांनी वाचतो. या दोन नियमावल्या जेथे जेथे वेगळ्या आहेत, तेथे तेथे आपले पान अडखळले आहे.

कोऱ्या पानापासून सुरुवात करतो. आपल्या शीर्षभागात बाहेरची फाइल मागवणारा एक स्क्रिप्ट टॅग असणार, आणि त्याच्या आत मजकूर काहीच नसणार. एक्सएमएलच्या दृष्टीने रिकामा घटक दोन प्रकारे लिहिता येतो आणि दोन्हींचा अर्थ तंतोतंत सारखाच असतो:

    <स्क्रिप्ट एसआरसी="शोध"></स्क्रिप्ट>
    <स्क्रिप्ट एसआरसी="शोध" />

एलिमेंटट्री जागा वाचवण्यासाठी दुसरा प्रकार लिहिते. एचटीएमएलमध्ये मात्र स्क्रिप्टच्या उघडत्या टॅगमधील त्या तिरक्या रेघेला काहीही किंमत नाही. ब्राउझर ती ओलांडून जातो आणि स्क्रिप्ट उघडलेली आहे असे समजतो. मग बंद करणारा टॅग सापडेपर्यंत पुढचे सर्व काही, म्हणजे आपले शीर्षक, तक्ता आणि शेकडो पुस्तके, त्याच्या लेखी प्रोग्रॅमचा मजकूर ठरतो. बंद करणारा टॅग येतच नाही. म्हणून स्रोतात सगळे आहे आणि पडद्यावर काही नाही. रिकाम्या डिव्हच्या किंवा रिकाम्या टेक्स्टएरियाच्या बाबतीतही असेच घडते, फक्त तेथे पान कोरे न होता पुढचा मजकूर भलत्याच चौकटीत जाऊन बसतो, आणि तो दोष शोधायला अधिक वेळ लागतो.

उपाय एका ओळीचा आहे. टोस्ट्रिंगला 'मेथड' या नावाचा एक आर्ग्युमेंट असतो. त्याची किंमत एचटीएमएल अशी द्यावी. मग ब्रेक, इमेज, इनपुट यांसारखे जे घटक एचटीएमएलमध्ये बंद करायचेच नसतात ते तसेच सोडले जातात, आणि बाकीचे रिकामे असले तरी रीतसर बंद होतात. शोधाशोध करताना आपल्याला 'शॉर्ट एम्प्टी एलिमेंट्स' नावाचा दुसरा एक पर्यायही दिसेल. तो बंद केल्यास स्क्रिप्टचा प्रश्न सुटतो, म्हणून अनेकजण तेथेच थांबतात. पण मग ब्रेकचा टॅगसुद्धा उघडून बंद केला जातो, आणि ब्रेकचा बंद करणारा टॅग दिसला की ब्राउझर त्याला आणखी एक ब्रेक समजतो. प्रत्येक ठिकाणी एकाऐवजी दोन ओळी सुटतात. त्या वाटेला जाऊ नये.

आकड्यांचे कारणही टोस्ट्रिंगच्या न सांगितलेल्या पर्यायातच आहे. एन्कोडिंग (अक्षरे बाइटांत कशी साठवायची ती पद्धत) दिले नाही, तर ती फक्त आस्कीत, म्हणजे इंग्रजी अक्षरे आणि काही चिन्हे यांच्या जुन्या संचात, बसणारी अक्षरे लिहिते आणि उरलेल्या प्रत्येक चिन्हाऐवजी त्याचा युनिकोड क्रमांक लिहिते. 'क' चा क्रमांक २३२५ आहे, म्हणून आपल्याला ते आकडे दिसले. ब्राउझर ते बरोबर वाचतो, त्यामुळे चूक अशी काही नाही. पण यूटीएफ-८ या युनिकोडच्या प्रचलित एन्कोडिंगमध्ये देवनागरीचे एक चिन्ह ३ बाइट घेते आणि क्रमांकाच्या रूपात ७ बाइट. 'मराठी' या एका शब्दात युनिकोडची ५ चिन्हे आहेत, म्हणजे १५ बाइटच्या जागी ३५. एन्कोडिंग 'युनिकोड' असे दिल्यास आपल्याला सरळ स्ट्रिंग मिळेल. ती फाइलमध्ये लिहिताना फाइल यूटीएफ-८ मध्येच उघडावी, कारण विंडोजवर न सांगितल्यास पायथॉन बहुधा वेगळे एन्कोडिंग धरतो आणि पहिल्याच देवनागरी अक्षराला कोलमडतो.

लहान अक्षरांचे कारण सर्वांत मजेदार आहे. आपल्या जुन्या प्रोग्रॅमच्या पहिल्या ओळीत डॉक्टाइप, म्हणजे हे पान एचटीएमएलचे आहे हे ब्राउझरला सांगणारी ओळ, असणार. एलिमेंटट्री तो लिहीत नाही, कारण तो झाडातील घटकच नव्हे. डॉक्टाइप नसला की ब्राउझर 'क्वर्क्स' पद्धतीत जातो, म्हणजे गेल्या शतकातील पानांसाठी जपून ठेवलेल्या जुन्या सवयींनी पान मांडतो, आणि त्यांपैकी एक सवय अशी की तक्ता हा बाहेरच्या घटकाकडून अक्षरांचा आकार घेत नाही. आपण संपूर्ण पानाला मोठा आकार दिला असेल, तर तो तक्त्याच्या दारात थांबतो. तयार स्ट्रिंगच्या आधी डॉक्टाइपची ओळ स्वतः जोडावी.

आता आपण न विचारलेल्या एका गोष्टीविषयी. दोन-तीन वर्षे काही बिघडले नाही यामागे प्रोग्रॅमची भक्कमता नव्हती, मराठीचा योगायोग होता. < या चिन्हानंतर लगेच रोमन अक्षर, तिरकी रेघ, उद्गारचिन्ह किंवा प्रश्नचिन्ह आले, तरच ब्राउझर तेथे काही मार्कअप सुरू झाले असे मानतो. पुढे देवनागरी अक्षर, आकडा किंवा मोकळी जागा असेल, तर ते चिन्ह जसेच्या तसे मजकुरात दाखवले जाते. 'किंमत <१००' असा शेरा शंभर वेळा लिहिला तरी पान धडधाकट राहिले असते. ईमेल पत्ता रोमन अक्षरांत होता म्हणून तो टॅग ठरला आणि गुप्त झाला. सूचीत एकही इंग्रजी शेरा नसता, तर हा दोष आणखी दहा वर्षे झोपून राहिला असता.

---

उत्तर — रकानेवाली

कंसबंद यांचे निदान अचूक आहे. मात्र तो एक आर्ग्युमेंट देऊन एलिमेंटट्रीवरच थांबू नये, असे मी सुचवेन. तिचा खरा त्रास तेव्हा कळतो जेव्हा एखाद्या वाक्याच्या मध्येच दोन शब्द ठळक करायचे असतात. ठळक भागाच्या आधीचा मजकूर परिच्छेदाच्या 'टेक्स्ट' मध्ये जातो आणि नंतरचा मजकूर परिच्छेदात न जाता त्या ठळक घटकाच्या 'टेल' मध्ये, म्हणजे शेपटीत, जातो. ठळक घटक काढून टाकला की त्याची शेपटीही जाते आणि अर्धे वाक्य नाहीसे होते. एक्सएमएलमधील डेटा वाचण्यासाठी ही रचना ठीक आहे; माणसांनी वाचायचा मजकूर लिहिण्यासाठी नाही.

मी कार्यालयातील मासिक अहवालांची पाने डॉमिनेट या पायथॉन लायब्ररीतून काढते. तिच्यात एचटीएमएलच्या प्रत्येक टॅगसाठी एक क्लास आहे, डॉक्टाइप ती स्वतःच लिहिते, कोणता घटक बंद करायचा नाही हे तिला ठाऊक आहे, आणि मजकूर म्हणून दिलेली प्रत्येक स्ट्रिंग ती एस्केप करूनच, म्हणजे < सारखी चिन्हे टॅग ठरू नयेत अशा रूपात बदलूनच, बाहेर काढते. पायथॉनच्या 'विथ' या रचनेमुळे कोडचा आकार पानाच्या आकारासारखा दिसतो. आपल्या सूचीचा गाभा साधारण असा होईल. नावे मी मराठीत ठेवली आहेत:

    तक्ता (वर्ग = सूची) च्या आत:
        प्रत्येक पुस्तकासाठी:
            ओळ च्या आत:
                रकाना (पुस्तक.दाखल_क्रमांक)
                रकाना (पुस्तक.नाव, टायटल = पुस्तक.नाव)
                रकाना (पुस्तक.शेरा)

येथे कंस जुळवणे नाही, अवतरणचिन्हे मोजणे नाही. ज्या ओळीने आपल्याला त्रास दिला, ती आता मधल्या रकान्याची ओळ आहे, आणि नावात कितीही अवतरणचिन्हे असली तरी तिला त्याची काळजी नाही.

काही खाचखळगे मात्र आहेत. 'क्लास' आणि 'फॉर' हे पायथॉनचे स्वतःचे राखीव शब्द असल्यामुळे ते ॲट्रिब्यूटचे नाव म्हणून वापरता येत नाहीत. डॉमिनेटमध्ये पहिल्यासाठी 'सीएलएस' आणि दुसऱ्यासाठी 'एफआर' असे आखूड रूप लिहावे लागते. 'डेटा' ने सुरू होणाऱ्या ॲट्रिब्यूटमध्ये आडवी रेघ लागते, पण पायथॉनच्या नावात ती चालत नाही, म्हणून खालची रेघ लिहायची आणि ती आडव्या रेघेत बदलण्याचे काम लायब्ररीवर सोपवायचे.

मला सर्वांत महाग पडलेला खळगा वेगळाच होता. 'विथ' च्या आत तयार केलेला प्रत्येक ऑब्जेक्ट, तो दुसऱ्या कोणाच्या आत दिलेला नसेल तर, आपोआप त्या उघड्या घटकात जाऊन बसतो. ही सोय आहे, पण मी एकदा तक्त्याच्या आतच पानाच्या तळाशी द्यायची टीप तयार करून एका चलात ठेवली, आणि तक्ता संपल्यावर ती तळाशी जोडली. टीप दोन ठिकाणी छापली गेली: एकदा तक्त्याच्या पोटात आणि एकदा तळाशी. अर्धा दिवस मी तळटिपेचे कोड तपासत बसले, आणि दोष मुळात ती कोठे जन्मली यात होता.

दोन सूचना शेवटी. जुन्या प्रोग्रॅममध्ये & आणि < बदलणारे काही 'रिप्लेस' असतील तर ते काढून टाकावेत; लायब्ररी तेच काम पुन्हा करते आणि मग वाचकाला & च्या जागी '&ॲम्प;' असे अक्षरशः दिसू लागते. आणि डॉमिनेटमध्ये 'रॉ' नावाचे एक फंक्शन आहे, जे दिलेला मजकूर एस्केप न करता तसाच लिहिते. ते आपण स्वतः लिहिलेल्या मजकुरासाठीच आहे. शेऱ्याच्या रकान्याला ते कधीही लावू नये, मग कोणी कितीही म्हणो की 'शेऱ्यात थोडे ठळक करता आले तर बरे होईल'.

---

उत्तर — जुना_पर्लकर

वरच्या दोन्ही उत्तरांतील तपशील बरोबर आहेत, पण मूळ प्रश्नाच्या शेवटच्या ओळीला कोणी हात लावलेला दिसत नाही, म्हणून लिहितो. माझे मत टेम्पलेटच्या बाजूचे आहे आणि ते अनुभवातून आलेले आहे.

ही कल्पना नवीन नाही. लिंकन स्टाइन यांचे सीजीआय-पीएम हे पर्ल या प्रोग्रॅमिंग भाषेचे मॉड्यूल १९९५ पासूनचे, आणि पुढे अनेक वर्षे ते पर्लच्या गाभ्यासोबतच मिळत असे. त्यात एक ऑब्जेक्ट घ्यायचा आणि शीर्षक, परिच्छेद, यादी, तक्ता यांच्या मेथड बोलवत जायचे, की मार्कअप तयार. यादीच्या मेथडला एकदम दहा गोष्टींचा ॲरे दिला, तर ती दहाही गोष्टींभोवती स्वतंत्र टॅग घालून देत असे. तेव्हा आम्हाला ती जादू वाटायची. राखीव शब्दांची अडचण तेव्हाही होतीच: 'टीआर' हा पर्लचा स्वतःचा ऑपरेटर असल्याने तक्त्याच्या ओळीसाठी पहिले अक्षर मोठे लिहावे लागे, आणि ते विसरले की मिळणारा एरर संदेश तक्त्याविषयी चकार शब्द काढत नसे. रकानेवाली यांचे 'सीएलएस' पाहून मला तेच आठवले.

पुढे काय झाले? २०१५ मध्ये पर्लच्या ५.२२ या आवृत्तीतून हे मॉड्यूल गाभ्यातून काढले गेले, आणि त्याच्याच माहितीपत्रात लिहिले गेले की मार्कअप तयार करणारी फंक्शने यापुढे वापरू नका, टेम्पलेट वापरा. जावामध्येही अपाचेची ईसीएस नावाची अशीच लायब्ररी होती, प्रत्येक टॅगला एक क्लास असलेली. ती आज अपाचेच्या माळ्यावर पडून आहे. त्यांचा तो निवृत्त प्रकल्पांचा विभाग खरोखरच 'माळा' याच नावाचा आहे.

कारण तांत्रिक नव्हते. ज्याला पानाचे रूप बदलायचे आहे, त्याला प्रोग्रॅम वाचता येत नव्हता. मी ज्या कंपनीत होतो तेथे एका मथळ्याखाली एक रेघ वाढवण्यासाठी डिझायनर माझ्या टेबलापाशी येऊन उभा राहायचा. चौदा मेथड ओलांडून ती रेघ कोठे घालायची हे मलाही चटकन सापडत नसे, कारण कोडमध्ये पान कोठेच एकत्र दिसत नव्हते. वारसा मांडण्याच्या उत्साहात आम्ही पानाचा क्लास, त्यापासून यादीच्या पानाचा क्लास, त्यापासून छापील यादीचा क्लास, अशी पाच पिढ्यांची वंशावळ केली होती. चौथ्या पिढीने काढलेला तळभाग पाचव्या पिढीत परत आणायचा, तर आजोबांपर्यंत जाऊन विचारावे लागे.

उद्या आपण ग्रंथालयाचे काम सोडले, तर तेथील कोणा मदतनीसाला टेम्पलेटची फाइल उघडून 'वाचनकक्षाची वेळ' बदलता येईल. ऑब्जेक्टच्या झाडात त्याला ती सापडणार नाही. जिंजा ही पायथॉनची प्रचलित टेम्पलेट लायब्ररी पुरेशी आहे.

---

उत्तर — रकानेवाली

पाच पिढ्यांची वंशावळ हा ऑब्जेक्टचा दोष नाही, वंशावळ मांडणाऱ्यांचा आहे, हे आपणही मान्य कराल. मी क्लास एकच ठेवते, पानाचा; बाकी सगळी साधी फंक्शने. 'पुस्तकाची ओळ' हे फंक्शन पुस्तक घेते आणि ओळीचा ऑब्जेक्ट परत देते. ते वेगळे चालवून तपासता येते, जे टेम्पलेटच्या मध्यातील तुकड्याच्या बाबतीत सहसा जमत नाही.

आणि जिंजाविषयी एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. जिंजा थेट वापरल्यास आपोआप एस्केप करण्याची सोय मुळात बंद असते. फ्लास्कसारखी, संकेतस्थळे बांधण्याची चौकट ती एचटीएमएल फाइलींसाठी चालू करून देते, म्हणून पुष्कळांना वाटते की ती नेहमीच चालू असते. प्रश्नकर्त्यांसारखा एकट्या स्क्रिप्टमध्ये जिंजा वापरणारा माणूस 'ऑटोएस्केप' हा पर्याय चालू करायला विसरला, तर तो ईमेल पत्ता पुन्हा गुप्त होईल, आणि या वेळी आपण तर आता लायब्ररी वापरतो आहोत, मग चूक आपली कशी, असे वाटून तो भलतीकडे शोधत बसेल.

---

उत्तर — जुना_पर्लकर

ऑटोएस्केपचा मुद्दा मान्य आहे, तो लिहायला हवा होता. वंशावळीचाही मान्य, जरा नाइलाजाने.

न्यायाने हेही नोंदवतो की ही कल्पना मेली नाही. २०१३ मध्ये रिॲक्ट ही जावास्क्रिप्टची लायब्ररी खुली झाली तेव्हा जेएसएक्स या तिच्या लेखनपद्धतीच्या रूपाने तीच गोष्ट वेगळ्या वेशात परतली: डोळ्यांना टॅग दिसतात, पण खाली प्रत्येक टॅग म्हणजे एका फंक्शनला केलेली हाक असते. मार्कअपही डोळ्यांसमोर राहिले आणि झाडही मिळाले, म्हणून आमच्या डिझायनरची तक्रार बहुतेक मिटली असती. पण ग्रंथालयाच्या सूचीसाठी तेवढा पसारा कोणी मांडू नये.

---

उत्तर — मात्रा_वेलांटी

पान कोणत्याही मार्गाने तयार करा, दोन गोष्टी एकाच ठिकाणी, म्हणजे पानाच्या त्या एका क्लासमध्ये किंवा मूळ टेम्पलेटमध्ये, पक्क्या करून ठेवा.

पहिली म्हणजे अक्षरसंचाचा मेटा टॅग, जो फाइलचे एन्कोडिंग ब्राउझरला सांगतो. तो फाइलच्या पहिल्या १०२४ बाइटांत असावा लागतो, म्हणून शीर्षभागात तो सर्वांत आधी जोडावा. लांबलचक स्टाइलशीटच्या खाली नव्हे. दुसरी म्हणजे मूळ घटकाला भाषेचे ॲट्रिब्यूट द्यावे आणि त्यात मराठीचा संकेत, म्हणजे 'एमआर', लिहावा. हे निव्वळ शिष्टाचार म्हणून सांगत नाही. मराठी वळणाचे 'ल' आणि 'श' हिंदी वळणापेक्षा वेगळे असतात, आणि ज्या फाँटमध्ये दोन्ही रूपे आहेत, तो फाँट या ॲट्रिब्यूटवरूनच कोणते रूप दाखवायचे ते ठरवतो. मराठी ग्रंथालयाच्या पानावर हिंदी वळणाचा 'श' मला तरी डोळ्याला खुपतो.

आणखी एक. शेऱ्यांची साफसफाई करताना 'न दिसणारी चिन्हे' सरसकट पुसणारे तयार फंक्शन वापरू नये. काही जण 'र' चा रफार न होता तो पुढच्या अक्षराला अर्धा चिकटावा, म्हणून टंकताना मध्ये जोडचिन्ह घालतात, जे डोळ्यांना दिसत नाही. ते पुसले की 'सुर्‍या' चा 'सुर्या' होतो. कोणतीही मार्कअप लायब्ररी हे आपण होऊन करत नाही. ते करणारा बहुतेक वेळा आपलाच आदल्या पायरीवरील कोड असतो.

---

देवघेव_खिडकी (प्रश्नकर्ता)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. दोन रात्री बसून काम केले, त्याचा वृत्तांत देतो.

आधी एलिमेंटट्रीतच कंसबंद यांनी सांगितलेले बदल करून पाहिले. पान दिसू लागले, अक्षरे परत आली, फाइल ४१२ किलोबाइटची झाली, आणि डॉक्टाइपची ओळ जोडताच तक्त्यातील अक्षरे बाहेरच्यांइतकी मोठी झाली. एका ओळीने हे होईल यावर, खरे सांगायचे तर, ते डोळ्यांनी पाहीपर्यंत माझा विश्वास नव्हता.

त्यानंतर विचार करून दोन्ही बाजूंचे थोडे थोडे घेतले. पानाचा सांगाडा, म्हणजे नाव, पत्ता, वाचनकक्षाची वेळ, तळभाग, जिंजाच्या टेम्पलेटमध्ये ठेवला आणि ऑटोएस्केप चालू केले. तक्ता मात्र डॉमिनेटमध्ये राहिला, कारण त्याचे रकाने वर्गांकानुसार बदलतात: नियतकालिकांना अंक आणि महिना लागतो, कोशांना खंड लागतो, आणि ते सारे 'जर-तर' टेम्पलेटमध्ये लिहून पाहिले तर मलाच वाचवेना. डॉमिनेटने तयार केलेला तक्ता टेम्पलेटमध्ये 'सुरक्षित' अशी खूण करून घालतो, आणि ती खूण संपूर्ण प्रोग्रॅममध्ये त्या एकाच ठिकाणी आहे.

रकानेवाली यांनी सांगितलेला खळगाही मला भेटलाच. तळटीप नव्हे, 'एकूण पुस्तके' ही ओळ दोनदा आली. या वेळी अर्धा दिवस लागला नाही, पाच मिनिटे लागली.

एक शंका उरली आहे. काही नोंदींत प्रकाशकाच्या संकेतस्थळाचा पत्ता आहे आणि त्याचा दुवा करायचा आहे. पत्ता ॲट्रिब्यूटमध्ये जातो, लायब्ररी तो एस्केप करते. तेवढे पुरे आहे का?

---

उत्तर — कंसबंद

पुरे नाही. एस्केप केल्यामुळे पत्ता अवतरणचिन्हांच्या बाहेर पडत नाही, एवढीच हमी मिळते. आत काय लिहिले आहे हे लायब्ररी पाहत नाही. 'जावास्क्रिप्ट' आणि अपूर्णविराम (:) यांनी सुरू होणारा पत्ता एस्केप होऊनही तसाच जिवंत राहतो आणि क्लिक केल्यावर चालतो. डॉमिनेट असो, जिंजा असो, या बाबतीत दोघी सारख्याच आहेत. 'गो' या प्रोग्रॅमिंग भाषेची टेम्पलेट लायब्ररी मजकूर कोठे जातो आहे हे ओळखून असा पत्ता निष्प्रभ करते, पण तेवढ्यासाठी गो शिकण्याची आवश्यकता नाही.

दुवा तयार करणारे एक लहान फंक्शन लिहावे. पायथॉनच्या यूआरएल वाचणाऱ्या मॉड्यूलने पत्त्याचा पहिला भाग वेगळा काढावा, तो एचटीटीपी किंवा एचटीटीपीएस असेल तरच दुव्याचा ऑब्जेक्ट परत द्यावा, आणि नसेल तर तोच मजकूर दुव्याविना, साधा मजकूर म्हणून परत द्यावा. काय चालणार नाही याची यादी करू नये. काय चालेल तेवढेच लिहावे. नाकारलेल्या नोंदी एका फाइलमध्ये दाखल क्रमांकासह लिहून ठेवल्यात तर दुरुस्तीही होईल.

---

देवघेव_खिडकी (प्रश्नकर्ता)

फंक्शन लिहिले आणि चालवले. नाकारलेल्या नोंदी सहा निघाल्या. जावास्क्रिप्ट एकातही नव्हती. चार ठिकाणी पत्त्याच्या आधीचे एचटीटीपी टंकायचे राहिले होते, एका ठिकाणी पत्त्याऐवजी दूरध्वनी क्रमांक होता, आणि एका ठिकाणी 'प्रकाशकांना विचारावे' असे लिहिले होते. सहाही दाखल क्रमांक कागदावर काढून देवघेवीच्या खिडकीत दिले आहेत.